सांगणारा कोण?

बारावीच्या मुलाला कथेचे घटक विचारा. कथाबीज, कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती, संघर्ष, संवाद, भाषाशैली. एका दमात म्हणून दाखवेल. मग त्यानं नुकत्याच वाचलेल्या कथेबद्दल त्याला एवढंच विचारा : ही गोष्ट आपल्याला कोण सांगतंय? उत्तर येईल, 'लेखक.' आणि सांगणाऱ्याला हे सगळं कसं ठाऊक? इथं मुलगा गप्प होतो. दोष त्याचा नाही. हा प्रश्न त्याला आजवर कुणी विचारलेलाच नसतो.

'लेखक म्हणतो', 'लेखिकेच्या मते', 'लेखकाला असे सांगायचे आहे की'. आपल्या वर्गांतली कथेची सगळी चर्चा या तीन खुंट्यांना टांगलेली आहे. निबंधाला, लेखाला त्या चालतील. कथेला चालत नाहीत. कथेत लेखक बोलत नाही, लेखकानं उभा केलेला कुणीतरी बोलतो. त्याला निवेदक म्हणतात. साहित्याच्या परिभाषेतली एकच संज्ञा विद्यार्थ्याच्या हाती द्यायची असेल तर ती ही. ती नीट कळली की बाकीच्या तिच्यामागून येतात. ती कळली नाही तर बाकीच्या सगळ्या पाठ असूनही उपयोग शून्य.

हे मी हट्टानं म्हणतो आणि त्याला कारण आहे. आपल्या चांगल्या कथा-कादंबऱ्यांचं मर्म बहुतेक वेळा याच एका निवडीत दडलेलं असतं.

हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' घ्या. १८९० साली त्यांनी 'करमणूक' साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी क्रमशः येऊ लागली. विषय बालविवाह, सासुरवास, वैधव्य, सक्तीचं केशवपन. याच विषयांवर आगरकर १८८८ पासून 'सुधारक'मध्ये निबंध लिहीत होते. आपटे आणखी एक निबंध लिहू शकले असते. किंवा सगळ्यांच्या मनातलं जाणणारा निवेदक घेऊन वाड्यातल्या माणसांवर वरून निकाल देऊ शकले असते. त्यांनी ते केलं नाही. सव्वीस वर्षांच्या या पुरुषानं गोष्ट यमूच्या तोंडी दिली. यमूला समाजसुधारणेचे सिद्धान्त ठाऊक नाहीत. तिला तिचं माहेर, सासर, तिथली माणसं आणि स्वतःवर गुदरलेलं ठाऊक आहे. वाचक तिच्या बरोबरीनं वाढतो, तिच्या बरोबरीनं घाबरतो. म्हणून केशवपनाचा प्रसंग युक्तिवाद राहत नाही, अंगावर येतो. आता परीक्षेत 'या कादंबरीतून लेखकाने स्त्रियांच्या दुःखांचे वर्णन केले आहे' असं लिहून गुण मिळत असतील, तर आपट्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम आपण त्या वाक्यात खोडून टाकलं.

दुसरं टोक चिमणराव. चिं. वि. जोशी बडोद्याच्या कॉलेजात पालीचे प्राध्यापक, बौद्ध वाङ्मयाचे अभ्यासक. चिमणराव मात्र साधा, भिडस्त, अब्रूला फार जपणारा कारकून. 'चिमणरावाचे चऱ्हाट'मध्ये हा चिमणराव आपल्या फजित्या स्वतःच सांगतो. आपण प्रतिष्ठेला धरून बोलतो आहोत, अशी त्याची समजूत. त्या बोलण्यामागची घाबरगुंडी वाचकाला दिसते, त्याला स्वतःला दिसत नाही. विनोद या अंतरातून जन्माला येतो. निवेदकाच्या शब्दावर वाचकानं पूर्ण विसंबू नये, अशी रचना लेखक मुद्दाम करतो, तेव्हा त्याला अविश्वसनीय निवेदक म्हणतात. ही संज्ञा अमेरिकन समीक्षक वेन बूथ यांनी १९६१ साली रूढ केली. मराठी वाचक त्याआधी कितीतरी वर्षं तो प्रकार हसत हसत वाचत होता. मग ही संज्ञा मुलांना अवघड जाईल, असं आपण कशाच्या आधारावर ठरवलं? चिमणरावाची एक कथा वर्गात मोठ्यानं वाचा. 'इथं चिमणराव स्वतःबद्दल जे सांगतो ते तुम्हांला पटतं का?' एवढं विचारा. सातवीतली मुलंही उत्तर देतील.

'श्यामची आई' तर घरोघरी आहे. साने गुरुजींनी ती १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. तिच्याबद्दल आपण मुलांना मातृप्रेम सांगतो, संस्कार सांगतो. रचना सांगत नाही. खरं तर रचना शिकवायला याहून सोपं पुस्तक मिळणं कठीण. आश्रमात मित्र जमतात, श्याम रोज रात्री एक आठवण सांगतो, अशा ४२ रात्री. म्हणजे गोष्टीच्या बाहेर आणखी एक गोष्ट. आणि श्याम दोन. एक ज्याच्या बाबतीत हे सगळं घडलं तो लहान मुलगा, दुसरा ते आठवून सांगणारा प्रौढ माणूस. आंघोळ झाल्यावर तळव्यांना माती लागेल म्हणून हटून बसलेला मुलगा आणि त्याच्या पायांखाली पदर पसरणारी आई. त्या क्षणी मुलाला फक्त आपला हट्ट कळतो. पदराचा अर्थ सांगणाऱ्या श्यामला कळलेला असतो, आणि तोवर आई उरलेली नसते. वाचकाच्या डोळ्यांत पाणी येतं ते या दोन श्यामांमधल्या अंतरामुळे. हे मुलांना दाखवल्यानं भावना कोरडी पडत नाही. आपल्याला रडू का आलं, हे कळणं हेही शिक्षणच आहे.

'तो लेखकच असतो की!' ही हरकत नेहमी येते. 'कोसला'च्या बाबतीत तर हमखास. १९६३ साली आलेल्या या कादंबरीचा निवेदक पांडुरंग सांगवीकर. भालचंद्र नेमाडे यांचं गाव खानदेशातलं सांगवी. तोही पुण्यात शिकायला गेलेला, तेही गेलेले. झालं, पांडुरंग म्हणजेच नेमाडे! मग एक फरक पाहा. पांडुरंग शिक्षण अर्धवट टाकून गावी परततो, सगळं काही उदाहरणार्थ व्यर्थ मानून बसतो. नेमाडे पंचविशीत एक कादंबरी लिहून पूर्ण करतात. कशातच अर्थ न सापडणारा माणूस एवढी नेटकी रचना करत नाही. लेखकानं स्वतःच्या आयुष्यातून हवं ते घ्यावं. पानावर उतरलं की ते निवेदकाचं झालं.

ही नुसती वर्गातली बारीकसारीक चूक नाही. तिची किंमत समाज मोजतो. भाऊ पाध्ये यांची 'वासूनाका' १९६५ साली आली. निवेदक पोक्या, मुंबईच्या नाक्यावरचा. नाक्यावरची पोरं बोलतात तसंच तो बोलतो. त्यावरून केवढं रान उठलं, आचार्य अत्र्यांसारख्यानं तिच्यावर तोफ डागली. पोक्याच्या भाषेचा जाब पाध्यांना द्यावा लागला. तेव्हापासून आजवर चित्र फारसं बदललेलं नाही. पात्राच्या तोंडचं एक वाक्य उचलायचं, लेखकाच्या नावावर चिकटवायचं आणि मोर्चा काढायचा. मोर्चातली बहुतेक माणसं शाळेत मराठी शिकलेली असतात. 'लेखक म्हणतो' हे त्यांनी तिथंच गिरवलेलं असतं.

एकदा निवेदक हाताशी आला की पुढचा प्रश्न आपोआप येतो : दुसऱ्यानं सांगितलं असतं तर? खांडेकरांच्या 'ययाति'त, १९५९ सालच्या, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा आळीपाळीनं बोलतात. तिघंही 'मी' म्हणूनच. एकाच घरातले तेच दिवस तिघांच्या तोंडी तीन वेगळ्या वजनाचे होतात. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये, १९६७ सालच्या, कर्णाबरोबर कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि शेवटी कृष्णही निवेदक होतो. महाराष्ट्रात सर्वाधिक वाचल्या गेलेल्या कादंबऱ्यांपैकी या दोन. लाखो वाचकांनी दृष्टिकोन नावाची गोष्ट इथं प्रत्यक्ष अनुभवली आहे. वर्गात मात्र 'दृष्टिकोन म्हणजे काय?' याची दोन ओळींची व्याख्या लिहून घेतात. व्याख्या राहू द्या. 'शर्मिष्ठेचं एक प्रकरण देवयानीच्या तोंडून लिहा' असं सांगा. पानभर लिहिता लिहिता मुलाला दृष्टिकोन कळेल, आणि देवयानीही थोडी कळेल.

आता कथानक. 'घटनांची मालिका म्हणजे कथानक' हे गाइडमधलं वाक्य. अर्धवट आहे. गावातली विहीर आटली, मग थोरला मुलगा शहरात गेला, मग म्हातारीनं अंथरूण धरलं. ही मालिका. विहीर आटली म्हणून मुलगा गेला आणि मुलगा गेला म्हणून म्हातारीनं अंथरूण धरलं. हे कथानक. ई. एम. फॉर्स्टर यांनी कार्यकारणाचा हा भेद १९२७ साली मांडला, तेव्हापासून जगभर तो शिकवतात. त्यात तिसरी पायरी जोडा. लेखक सुरुवात कुठून करतो? विहिरीपासून, की अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीपासून? घडण्याचा क्रम एक, सांगण्याचा क्रम दुसरा. पहिल्या सुरुवातीत वाचक 'पुढं काय?' विचारतो, दुसरीत 'असं का?' दोन वेगळ्या कथा झाल्या.

आणि तो फळ्यावरचा डोंगर! प्रारंभ, चढण, उत्कर्षबिंदू, उतरण, शेवट. गुस्ताव फ्रायटाग या जर्मन लेखकानं १८६३ साली पाच अंकी नाटकांची बांधणी उलगडण्यासाठी तो मांडला होता. नाटकासाठी. आपण तो प्रत्येक कथेच्या डोक्यावर ठेवतो. आपल्याकडे ना. सी. फडक्यांनी १९३१ साली 'प्रतिभासाधन'मध्ये तंत्राची शिस्त सांगितली. लिहिणाऱ्या एका पिढीला ती उपयोगी पडली. पण १९४५च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर यांनी कथेचा ओघच बदलला. मोठी घटना नाही, कलाटणी नाही, एखादी मनःस्थितीच कथाभर पसरलेली. अशा नवकथेत उत्कर्षबिंदू शोधायला लावणं म्हणजे मुलाला खोटं उत्तर लिहायला शिकवणं. 'या कथेत उत्कर्षबिंदू नाही, कारण...' हे उत्तर पूर्ण गुणांचं असलं पाहिजे.

पात्रांकडे या. 'स्वभावचित्र रेखाटा.' उत्तर : प्रेमळ, कष्टाळू, स्वाभिमानी, परोपकारी. ही चार विशेषणं मराठी कथेतल्या कुठल्याही आईला, आजीला, शेतकऱ्याला आणि गुरुजींना लागू पडतात. जे सगळ्यांना लागू पडतं ते कुणाचंच चित्र नसतं. विशेषणं बंद करा आणि क्रियापदं मागा. या माणसानं असं काय केलं जे त्याच्या जागी दुसऱ्यानं केलं नसतं? काय बोलायचं टाळलं? हे सांगता आलं की स्वभाव सांगावा लागत नाही. फॉर्स्टरनं पात्रांची सपाट आणि गोलाकार अशी विभागणी केली, तीही आपण घेतली आणि 'सपाट म्हणजे कच्चं' असं ठरवून टाकलं. फॉर्स्टर असं म्हणत नाही. चिमणरावाच्या कथांतला गुंड्याभाऊ पहिल्या कथेपासून शेवटच्या कथेपर्यंत गुंड्याभाऊच राहतो. तो बदलला तर चिमणरावाचं जग कोसळेल. सपाट असणं हे तिथं त्याचं काम आहे, आणि तो ते चोख करतो.

संघर्ष म्हटलं की मुलं खलनायक शोधतात. त्यांना उद्धव शेळके यांची 'धग' द्या, १९६० सालची. कौतिकचा शत्रू कोण? बोट दाखवावं असा कुणी नाही. भूक आहे, गरिबी आहे, आजार आहे, खचत गेलेला नवरा आहे आणि मुलाला शिकवायची तिची जिद्द आहे. संघर्ष म्हणजे मारामारी नव्हे. माणसाला काहीतरी हवं असणं आणि ते मिळण्याच्या वाटेत काहीतरी ठाण मांडून बसलेलं असणं. 'कौतिकला काय हवंय? वाटेत काय आहे?' या दोन प्रश्नांत संघर्ष शिकवून होतो.

वातावरणनिर्मिती हा घटक तर आपण पार वाया घालवला. 'लेखकाने ग्रामीण वातावरण हुबेहूब उभे केले आहे.' या वाक्यात गाव कुठंय? कसोटी सोपी आहे : कथा उचलून दुसऱ्या गावी नेली तर काय बिघडेल? काहीच बिघडत नसेल तर ते वातावरण म्हणजे नुसता पडदा. 'बनगरवाडी' नेऊन पाहा. १९५५ सालची माडगूळकरांची कादंबरी. औंध संस्थानातला माणदेश, धनगरांची वाडी, मेंढरं आणि पाऊस न देणारं आभाळ. ही वाडी कोकणात नेली तर कादंबरीच उरत नाही, कारण शेवटी माणसांना उठवून लावतो तो दुष्काळ. इथं मुलूख हेच कथानक चालवतो. आणि पुन्हा सांगणाऱ्याकडे बघा. गोष्ट सांगतो नव्यानं नेमणूक झालेला कोवळा मास्तर. बाहेरचा माणूस. वाडीचे रीतिरिवाज त्याला ठाऊक नाहीत, म्हणून वाचकालाही ते त्याच्याच चालीनं कळत जातात. वाडीचा कारभारी सांगता तर यातली निम्मी वर्णनं त्याला सुचलीच नसती. रोजचं डोळ्यांसमोर असलेलं कोण वर्णन करून सांगतं?

भाषेचंही तेच. 'धग'मधली माणसं वऱ्हाडी बोलतात, 'वासूनाका'तली नाक्यावरची मुंबईची मराठी. संवादांची भाषा कोणती आणि निवेदनाची कोणती, हे दोन रकाने मुलांना करायला लावा. दोन्ही एकच असेल तर सांगणारा त्या माणसांतलाच आहे. वेगळी असेल तर तो थोडा लांब उभा आहे. किती लांब आणि का, यावर तासभर बोलता येईल. त्याऐवजी बोलीतल्या वाक्यांसमोर 'प्रमाण भाषेत लिहा' असा प्रश्न छापणं हा बोलीचा अपमान आहे. शिवाय त्यातून कथेबद्दल काहीही कळत नाही.

प्रतीकांबद्दल थोडक्यात. रूपककथेत अमुक म्हणजे तमुक अशी जोडी लागू शकते. प्रतीकात ती लागून संपत नाही, अर्थ शिल्लक राहतो. जी. ए. कुलकर्णींच्या कथांना 'पक्षी म्हणजे आत्मा, वाट म्हणजे आयुष्य' अशी कोष्टकं जोडणं थांबवा. कोष्टकानं कथा संपत असेल तर जी.एं.नी कोष्टकच लिहिलं असतं. मुलाला विचारा, ही वस्तू कथेत किती वेळा आली आणि दर वेळी तिच्याभोवती काय बदललं? पुढचं त्याला सापडू द्या. एखाद्याला वेगळं सापडलं आणि त्यानं ते कथेतल्या ओळींच्या आधारानं दाखवलं, तर त्याला गुण द्या.

सगळ्यात घातक प्रश्न शेवटी. 'या कथेतून तुम्हांला कोणता बोध मिळाला?' इसापनीतीत गोष्टीखाली तात्पर्य छापलेलं असतं. ती त्या प्रकाराची रीत आहे. बागूलांच्या, माडगूळकरांच्या, जी.एं.च्या कथेखाली तात्पर्य नसतं, कारण ते तिथं नाहीच. तिथं आशयसूत्र असतं. बोध हुकूम सोडतो : खरे बोलावे, कष्ट करावेत. आशयसूत्र प्रश्न उभा करतं आणि कथाभर त्याच्याशी झुंजतं. बाबुराव बागूलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ साली आला. माणसाला जगण्यासाठी स्वतःची जात लपवावी लागते, हे त्याच्या शीर्षककथेतलं वास्तव. तिच्यातून 'सर्वांशी समानतेने वागावे' एवढा बोध काढून वही मिटवली, तर आपण त्या कथेला निरुपद्रवी करून टाकलं. बागूलांनी ती तेवढ्यासाठी लिहिली नव्हती.

संज्ञांना माझा विरोध नाही, उलट त्या सगळ्या शिकवाव्यात असं मला तळमळीनं वाटतं. शिकवण्याचा क्रम तेवढा उलटा हवा. आधी कथा, मग प्रश्न, मग संज्ञा. नुसत्या व्याख्या घोकून घेणं म्हणजे विळीला धार लावत बसणं आणि भाजी कधी न चिरणं. बारावीच्या 'युवकभारती'त कथा या साहित्यप्रकाराला स्वतंत्र विभाग मिळाला, ही फार चांगली गोष्ट झाली. पाठ्यपुस्तकानं दार उघडलं आहे. अडतंय ते प्रश्नपत्रिकेपाशी. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं, हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे, आणि त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही.

म्हणून मागणी प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांकडे आहे, आणि ती छोटी आहे. मुलांनी कधी न वाचलेल्या कथेतला दीडशे शब्दांचा उतारा छापा. खाली तीन प्रश्न द्या. हे कोण सांगतंय, आणि ते तुम्ही कोणत्या शब्दांवरून ओळखलं? सांगणाऱ्याला कोणती गोष्ट ठाऊक नाही? हाच प्रसंग उताऱ्यातल्या दुसऱ्या माणसाच्या तोंडून पाच ओळींत लिहा. याचं तयार उत्तर कुठल्याही गाइडात छापता येणार नाही, म्हणून ते पाठही करता येणार नाही. मुलाला उतारा वाचावाच लागेल. यासाठी नवं पुस्तक नको, वेगळं प्रशिक्षण नको, जादा तास नको. फक्त 'कथेचे घटक सांगून स्पष्ट करा' हा प्रश्न काढून त्याचे गुण या तीन प्रश्नांना द्या. घटकांची यादी पाठ्यपुस्तकात छापलेलीच आहे. ती मुलांकडून पुन्हा उतरवून घेण्यासाठी बोर्डाच्या परीक्षेची गरज नाही.